सूरी गावच्या वाऱ्यात आणि बर्फात टिकेल अशी किट-शेड कोणती मागवावी? (प्रिन्स एडवर्ड आयलंड)

लाल_माती

नमस्कार मंडळी. प्रश्न किट-शेडचा आहे, म्हणजे सुटे भाग मागवून घरी जोडायच्या शेडचा. गाडीची नाही, मागच्या अंगणात स्नोब्लोअर, गवत कापायचं मशीन, हिवाळ्याचे टायर आणि जनरेटर कोंबायला जी खोपटी असते, तिचा. सध्या हे सगळं माझ्या पोर्चमध्ये आहे आणि घरात शिरायचं तर आडवं होऊन शिरावं लागतं.

आम्ही टोरांटोजवळचं ब्रॅम्प्टन सोडून कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड आयलंड बेटाच्या पूर्व टोकाला, सूरी गावाच्या जरा बाहेर घर घेतलं. नकाशावर 'सूरिस' असं वाचाल, पण शेवटचा 'स' इथे कुणी उच्चारत नाही. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ उंदीर. जुन्या फ्रेंच वस्तीतली पिकं उंदरांनी फस्त केली, त्यावरून हे नाव पडलं म्हणतात. मला मात्र जानेवारीत समुद्रावरून वारा आला की आपली भाजीची सुरीच आठवते. माती तांबडी, अगदी आमच्या रत्नागिरीसारखी, म्हणून घर बघताक्षणी जीव जडला. वाऱ्याचं तेव्हा कुणी बोललं नव्हतं.

२४ सप्टेंबर २०२२ ला फिओना वादळ आलं तेव्हा आम्ही इथे नव्हतो. ईस्ट पॉइंटला त्या रात्री ताशी १४९ किलोमीटरचा झोत मोजला गेला, आणि ते टोक आमच्यापासून गाडीने वीस-पंचवीस मिनिटांवर आहे. फिओनाची खूण आमच्या अंगणात अजून आहे. आधीच्या मालकांची ८ बाय १२ फुटांची लाकडी शेड होती. आता फक्त काँक्रीटचा ओटा उरलाय. चार कोपऱ्यांना चार बोल्ट, आणि एका बोल्टात अडकलेली हातभर लांबीची लाकडी पट्टी, चिरलेली, करड्या रंगाची. शेजारचे लॉब्स्टरवाले आजोबा सांगतात, भिंती समोरच्या बटाट्याच्या शेतात सापडल्या, छप्पर कधी सापडलंच नाही. वर म्हणतात, "शेड चांगली होती हो." हे ऐकल्यापासून मला झोप नाही.

बघून ठेवलेले पर्याय असे. पत्र्याची सगळ्यात स्वस्त, नऊशे डॉलरच्या आसपास, पण दुकानात तिच्या भिंतीला अंगठा टेकवला तर टिनाच्या डब्यासारखी आत गेली. प्लास्टिकची दुहेरी भिंतीची, पंधराशेला, दिसायला गोड. आणि शेजारच्या न्यू ब्रन्सविक प्रांतातल्या एका कारखान्याची लाकडी, सगळे तुकडे आधीच कापून क्रमांक घालून येतात, ४,३०० डॉलर. तिच्या जाहिरातीत 'स्नो लोड ३० पीएसएफ, वारा १०० मैल' असं ठळक लिहिलंय. तळ आणि छपरावर कौलांसारखे बसवायचे शिंगल त्यात नाहीत, हे मात्र चौथ्या पानावर बारीक अक्षरात.

नवरा ट्रक चालवतो, महिन्यातले पंधरा दिवस बाहेर. मी इथल्या वृद्धाश्रमात कामाला आहे, माझ्या शिफ्ट विचारू नका. जोडणार मी आणि दीर, दोन वीकेंडमध्ये. तर, यातली कोणती मागवू? जुना ओटा वापरला तर चालेल का? ज्या कोणाची शेड खऱ्या वाऱ्यात उभी आहे त्यांनी सांगा प्लीज.

---

ब्रॅम्प्टनचा_बंड्या

ताई, डोळे मिटून प्लास्टिकची घ्या. माझी सहा वर्षं जागची हलली नाही. एका दुपारात उभी राहते, रंग नको, गंज नाही. उगाच पाच हजार कशाला घालवताय?

---

लाल_माती

दादा, ब्रॅम्प्टनमध्ये मीही चार वर्षं काढलीत. तिथे तुमच्या शेडच्या चारी बाजूंना लोकांची घरं असतात. इथे माझं अंगण आणि मॅग्डलेन बेटं यांच्यामध्ये फक्त पाणी आहे.

---

सेंट_जॉन्सकर

न्यूफाउंडलंडहून लिहितोय. शेड कोणती ते नंतर, आधी दार कुठे ते ठरवा.

आमच्याकडे १७ जानेवारी २०२० ला एका दिवसात ७६ सेंटिमीटर बर्फ पडला, वर वादळी वारा. शहरात आठवडाभर आणीबाणी होती. मी सकाळी उठलो, घराचं दार आतल्या बाजूला उघडतं म्हणून कसाबसा बाहेर पडलो, आणि शेडकडे बघून खाली बसलो. शेडचं दार बाहेर उघडणारं, त्याच्यासमोर छातीइतका बर्फाचा बांध, आणि फावडं कुठे? शेडमध्ये. स्नोब्लोअर कुठे? शेडमध्ये. बायकोने डोशाचा तवा आणून दिला, चेष्टेने नव्हे. अर्धा तास तव्याने उकरलं.

चूक काय झाली ते सांगतो, कारण ती सगळेच करतात. दार वाऱ्याच्या आडोशाला ठेवायचं, असं आपल्याला सहज वाटतं. पावसात ते बरोबर आहे. बर्फात उलटं होतं. वारा शेडला वळसा घालून पुढे गेला की मागच्या बाजूला त्याचा जोर ओसरतो आणि अंगावर आणलेला सगळा बर्फ तो तिथेच टाकतो. आडोसा म्हणजेच ढीग. वादळ संपल्यावर ओट्याभोवती एक फेरी मारा. जिथे गवत उघडं दिसतं ती दाराची बाजू.

आणखी दोन गोष्टी. दार छपराच्या तिकोनी बाजूला घ्या, वळचणीखाली नको, नाहीतर छपरावरचा बर्फ घसरून बरोबर दारात पडतो. आणि उंबरा जमिनीपासून वीतभर वर हवा. दार जमिनीला टेकलेलं असलं की खालचं पाणी गोठतं आणि मार्चपर्यंत दार म्हणजे भिंतच.

फावडं घरात ठेवा. हे मी सगळ्यांना सांगतो.

---

निवृत्त_ओव्हरसियर

मी श्रीवर्धनचा. पीडब्ल्यूडीत ३१ वर्षे काढली. मुलगी कॅनडात असल्याने हा विभाग वाचत असतो. बर्फ मी फक्त फ्रीजमध्ये पाहिला आहे, त्याबद्दल बोलणार नाही. वाऱ्याबद्दल बोलतो.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्याच किनाऱ्यावर चढले. दुसऱ्या दिवशी मी सवयीने गावभर फिरून कोणाचे छप्पर नेमके कुठून सुटले ते पाहत होतो. लोक म्हणत होते, पत्रे उडाले. बऱ्याच घरांचे पत्रे वाशांना घट्ट धरून होते, कारण हूक मजबूत होते. गेले ते वाशांसकट गेले, कारण वासा भिंतीवर नुसता ठेवलेला होता. आपण छपराचा विचार वजन पेलणारी वस्तू म्हणून करतो, आणि वरून दाबले तर ते छान पेलते. वादळ मात्र छपराला वर ओढते. त्या दिशेने त्याला कोणी बांधलेलेच नसते.

आता ताई, तुम्ही तुमच्या प्रश्नातच उत्तर लिहून बसला आहात. बोल्ट जागेवर. बोल्टात पट्टीचा तुकडाही जागेवर. म्हणजे पाया सुटला नाही. पट्टीवर जे उभे लाकूड होते ते पट्टीतून सुटले. अशा बांधकामात खालून पट्टीतून खिळा मारतात, तो उभ्या लाकडाच्या टोकात, म्हणजे रेषांच्या दिशेने शिरतो. त्या दिशेने लाकूड खिळ्याला धरत नाही. वरून कितीही दाबा, हलणार नाही. वर ओढा, लोण्यातून सुरी निघावी तसा निघतो.

कच्चा हिशेब देतो. ताशी १४९ किलोमीटर वेगाचा दाब चौरस मीटरला शंभर किलोच्या थोडा वर जातो. तुमचे छप्पर सुमारे नऊ चौरस मीटर. म्हणजे वर ओढणारा जोर नऊशे किलोच्या घरात. वेग दुप्पट झाला तर जोर चौपट होतो, हे लक्षात ठेवा. आणि दार फुटले तर वारा आत शिरून खालूनही रेटतो, मग हा हिशेबही अपुरा. म्हणून दाराला एक कडी पुरत नाही. वर एक, खाली एक.

ओटा मोडू नका. चार इंच जाडीचा असेल तर त्याचे वजन दोन टनांहून जास्त भरते. एवढा भार तुम्हाला फुकट मिळाला आहे. चार बोल्ट मात्र कमी आहेत. प्रत्येक कोपऱ्यापासून फूटभराच्या आत एक आणि मध्ये दर तीन-चार फुटांवर एक, असे नवीन भोक पाडून केमिकल अँकरने (भोकात घट्ट होणारे रसायन भरून) बसवा. वॉशर मोठे, चौकोनी घ्या.

कारखान्याला एकच गोष्ट विचारा: छपरापासून बोल्टापर्यंत एकेक सांधा कशाने बांधला आहे? वासा ते वरची पट्टी, वरची पट्टी ते उभे लाकूड, उभे लाकूड ते खालची पट्टी. उत्तर 'खिळे' असेल तर प्रत्येक ठिकाणी लोखंडी पट्ट्या स्वतः मारा. बाहेरचा प्लायवूड खालच्या पट्टीच्या खालपर्यंत आणून तिलाही खिळवा, म्हणजे तोही दोघांना धरतो. याला पैसे फार लागत नाहीत. लागते ती चिकाटी, आणि ती तुमच्या लिहिण्यात दिसते.

---

हॅलिफॅक्स_स्ट्रक्चरल

काकांना साष्टांग. मी हेच काम करतो, त्यांनी माझं अर्धं लिहिणं वाचवलं. फक्त बर्फाचा आकडा घालतो.

'३० पीएसएफ' म्हणजे चौरस फुटाला ३० पौंड. पण कुठले ३०? जमिनीवरच्या बर्फाचे की छपराचे? कॅनडाच्या बिल्डिंग कोडमध्ये तुमच्या बेटाच्या राजधानीसाठी, शार्लटटाउनसाठी, जमिनीवरच्या बर्फाचा आकडा २.७ किलोपास्कल आहे, म्हणजे जवळपास ५६ पौंड. वरून त्यात मुरणाऱ्या पावसाचे ०.६ वेगळे. छोट्या छपराला यातला बर्फाचा भाग ०.४५ ने गुणून पाऊस मिळवतात, तर छपरावर साधारण ३८ पौंड येतात. म्हणजे तुमच्या ९६ चौरस फुटांवर दीड टनाहून जास्त. ३० चा आकडा छपराचा असला तरी कमी, जमिनीचा असेल तर फारच कमी. तुमच्या गावाचा नेमका आकडा परमिट ऑफिस देईल, आणि परमिटचं आधी विचारून घ्याच. नगरपालिकेची हद्द असेल तर नगरपालिका, नाहीतर प्रांत.

आणि हो, अटलांटिकचा बर्फ पावडर नसतो. पडतो, वारा त्याला ठोकून घट्ट करतो, मग त्यावर पाऊस येतो, मग ते सगळं गोठतं. त्यामुळे घराच्या उंच छपराच्या आडोशाला शेड खेटून नको, वरचा सगळा माल तिच्यावर उतरतो.

'वारा १०० मैल' च्या बाजूला एखादी चांदणी आहे का बघा. बहुतेक वेळा खाली लिहिलेलं असतं: योग्य अँकर केल्यास. ते अँकर किटमध्ये नसतात.

खिळे, स्क्रू, पट्ट्या हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवलेल्या) घ्या. खारी हवा आणि ट्रीटेड (कुजू नये म्हणून औषध मुरवलेलं) लाकूड, दोन्ही मिळून साध्या स्क्रूला दोन-चार वर्षांत खातात.

---

समरसाइडची_मावशी

एवढे हुशार लोक बोलून गेले, मी आपली डिलिव्हरीचं सांगते. ट्रकवाला पॅलेट रस्त्याच्या कडेला उतरवतो आणि जातो. 'कर्बसाइड' लिहिलं असेल तर एक इंच पुढे येत नाही. आमची आली तेव्हा पाऊस पडत होता, दीडशे फूट आत एकेक फळी मी आणि ह्यांनी वाहिली, ते अजून मला ऐकवतात. शेजाऱ्याकडे फोर्क लावलेला ट्रॅक्टर असेल तर आधीच मफिन देऊन ठेवा.

दुसरं, कॉन्फेडरेशन ब्रिज, म्हणजे बेटाला न्यू ब्रन्सविकशी जोडणारा पूल. वारा ताशी सत्तरच्या वर गेला की उंच गाड्यांना पुलावर सोडत नाहीत. ऑक्टोबर-नोव्हेंबरची तारीख पक्की धरून रजा टाकू नका. स्वतः ट्रेलर घेऊन आणायचा विचार असेल तर टोल लक्षात ठेवा: बेटावर यायला फुकट, बाहेर पडताना पैसे. सासर नाही हो, उलटं माहेर आहे हे, सोडताना जड जातं.

पॅलेट आलं की त्याच दिवशी यादी हातात घेऊन मोजा. नंतर कोण ऐकतंय.

---

लाल_माती

सगळ्यांना उत्तर द्यायला पाच आठवडे लागले, माफ करा. आधी मागवायचं, मग यायचं, मग जोडायचं, यात दिवस गेले.

कारखान्याला फोन केला. पलीकडची मुलगी गोड होती, पण '३० जमिनीचे की छपराचे' म्हटल्यावर लाइनवर इतकी शांतता झाली की मला वाटलं फोन कटला. तिसऱ्या दिवशी ईमेल आला: जमिनीचे. काकांचा सांध्यांचा प्रश्न जसाच्या तसा इंग्रजीत करून पाठवला होता, त्यावर उत्तर एका शब्दाचं. खिळे.

पण त्याच ईमेलच्या शेवटी होतं की जड बर्फाच्या भागासाठी दुसरं किट आहे, वासे २४ ऐवजी १६ इंचांवर, वासे जाड, सगळ्या सांध्यांना लोखंडी पट्ट्या, आणि इंजिनिअरच्या शिक्क्याचं ड्रॉइंग. हे जाहिरातीत कुठेही नाही. विचारलं तर मिळतं. ७२० डॉलर जास्त. ड्रॉइंगवर छपराचा आकडा ४८ पौंड लिहिलेला बघितला आणि पैसे भरले. परमिट ऑफिसलाही तेच ड्रॉइंग दाखवलं, पुढे काही अडलं नाही.

मावशी, पूल दोन दिवस अडला, बरोबर तुम्ही म्हणालात तसा. मी रजा टाकली नव्हती. तिसऱ्या दिवशी पॅलेट आलं, रस्त्याच्या कडेला. लॉब्स्टरवाल्या आजोबांकडे ट्रॅक्टर आहे. मफिन जमत नाहीत, नारळाच्या वड्या दिल्या. त्यांनी पॅलेट ओट्यापर्यंत आणून ठेवलं आणि वडीला काय म्हणतात ते तीनदा विचारलं. मोजलं तर पट्ट्यांचं खोकं गायब. ज्या खोक्यासाठी ७२० डॉलर दिले तेच! कारखाना म्हणतो पाठवतो. मी वाट बघितली नाही, गावातून विकत आणल्या, बिल त्यांना पाठवलंय. अजून उत्तर नाही.

दाराचं आजोबांनाच विचारलं. हिवाळ्यात बर्फ कुठे बसतो? त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. ओट्याच्या पूर्वेच्या टोकाला जाऊन बूट आपटला, "इथे मार्चपर्यंत गवत दिसतं." दक्षिणेकडे हाताने स्वतःच्या कमरेइतकी उंची दाखवली. मग दार पूर्वेला, तिकोनी बाजूला. तिकडून नॉर्थईस्टर, म्हणजे ईशान्येचं वादळ, तोंडावर येणार हे कळतंय, म्हणून काका, वर एक कडी, खाली एक कडी, आणि आतून आडवा अडसर. दुसरं छोटं दार पश्चिमेला ठेवलंय, आत जायला-यायला, पहिलं गोठलंच तर. बुडाखालच्या फटीला पाव इंची जाळी मारली. गावाचं नावच उंदीर असल्यावर तेवढं करावंच लागतं.

आता काका, तुमच्यासाठी खास. नवीन बोल्ट बसवायच्या आधी ती जुनी पट्टी काढायची होती. दिराने सब्बल घातली, पट्टी उचलली गेली. वरच्या बाजूला सहा खिळ्यांची टोकं वर आलेली होती, तीन इंच उघडी, रांगेत. मला वाटलं होतं वाकलेले, पिळलेले, तुटलेले असतील. एकही वाकडा नव्हता. गंजलेले, पण रुळासारखे सरळ. वरचं लाकूड त्यांच्यावरून टोपी काढावी तसं निघून गेलं होतं. मी आजोबांना हाक मारून दाखवले. ते बराच वेळ एक खिळा चिमटीत फिरवत उभे राहिले. ती शेड त्यांनीच बांधून दिली होती, हे मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ते स्वतःचा हातोडा घेऊन आले. पट्ट्या त्यांनीच मारल्या, प्रत्येक भोकात खिळा, एकही मोकळं सोडू देईनात. दीर फक्त खिळे हातात देत होता.

शिंगल झालेत, प्रत्येकी सहा खिळे. रंग वसंतात. जॉन्सकर, पहिलं वादळ झालं की दाराचा फोटो टाकते. फावडं पोर्चमध्ये आहे, आणि तवा स्वयंपाकघरात.